अंबिकाचं दोन्हीकडं जमलं

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

म्हणजे पोरगी फुटबॉल चांगला खेळते! आणि हे मला तिच्या शाळेच्या शिपायानं सांगावं. बंडेप्पा बाजारात भेटला. म्हणाला, ‘साहेब, तुमची अंबिका गोलात उभारली की बॉल आत जाईना बघा. औरादच्या पोरी रडत गेल्या.’ मी बाप. बारा वर्षं एका घरात राहतो. मला वाटायचं, तिचे गुडघे पायऱ्यांवर पडून फुटतात.

घरी येऊन विचारलं. तर म्हणाली, ‘पप्पा, मला क्लबात घाला. तेरा वर्षांखालच्या लीगमधी हे शेवटचं वर्ष हाय माझं. पुढच्या साली घेत न्हाईत.’ एवढं लांब वाक्य ती माझ्याशी बऱ्याच महिन्यांनी बोलली.

घालतो म्हणलं. पण उगं कुठंही न्हाई. चौकशी करून.

८ ऑक्टोबर

कलबुर्गीला एक अकादमी आहे. फोन लावला. बारा वर्षांच्या पोरीला वसतिगृहात ठेवा म्हणाली तिथली बाई. ‘विचार करून कळवतो’ म्हणलं. आमच्याकडं ह्याचा अर्थ काय, ते तिला कुणी शिकवलेलं दिसत नाही. दोनदा परत फोन आला.

उरले दोन. महाराष्ट्रातलं उदगीर, नाहीतर आपलं बिदर. आम्ही कमलनगरात, दोघांच्या मधी.

१३ ऑक्टोबर, रविवार

उदगीरला जाऊन आलो. बायकोचे, म्हणजे जयंतीचे थोरले भाऊ किशनराव तिथंच राहतात, त्यांना सोबत घेतलं. अशा कामाला चार माणसांत बोलणारं कुणीतरी लागतं.

क्लबचे व्यंकट सर. किशनरावांनी बसल्या बसल्या गाव विचारलं, मग वडिलांचं नाव, मग भाऊ किती. पाच मिनिटांत त्यांची चुलती आमच्या निलंग्याच्या पाव्हण्यांत निघाली. मी हळूच विचारलं, पिण्याबिण्याचं कसं? न्हाई म्हणाले. मैदान बघितलं. सपाट आहे. मागं पिंपळ आहे, सावली पडते. चहा-चिवडा झाला. माणूस चांगला वाटला.

निघताना व्यंकट सर म्हणाले, ‘बाकी ठीक हाय. पण लेकरू कुठाय?’

किशनराव म्हणाले, पहिल्या खेपेला मुलीला आणत नसतात.

रात्री जयंतीला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘पोरीला खेळायला पाठवायलाव का नांदायला?’

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज बिदर. ह्या वेळी अंबिकाला नेलं, शहाणा झालो.

तिथले पंचाक्षरी सर. ‘बर्री सर, बर्री’ एवढंच स्वागत. चहा न्हाई. तिला हातमोजे दिले, गोलात उभं केलं आणि पोरींना बॉल मारायला सांगितलं. अर्धा तास. मी मधी मधी विचारत होतो, तुमचं मूळ गाव कोणतं, किती वर्षं शिकवता, घरी कोण कोण. शेवटी माणूस वैतागला. ‘माझं काय बघायलाव सर? पोरीकडं बघा की.’

बघितलं. ती आडवी झेप घेते. खरंच घेते! दगडमातीत. मला छातीत कसंतरी झालं. अभिमान असावा. सवय नसल्यामुळं लवकर ओळखू आला नाही.

जाताना सरांनी बोट वर करून सांगितलं, ‘एक लेकरू, एक क्लब. दोन्हीकडं नाव घातलं की लेकरू वर्षभर बाहेर. आमच्यातच न्हाई, सगळीकडं.’ मी म्हणलं, छे छे, आम्ही तसली माणसं न्हाई.

२२ ऑक्टोबर

बिदर: इथलं सर्टिफिकेट मिळणार, पुढं शिक्षणाला, नोकरीला कामाला येईल. सर कडक. पण लांब.

उदगीर: जवळ. मामाचं घर, जेवायची सोय. भाषेचा प्रश्न नाही. पण सर्टिफिकेट तिकडचं. ते इकडं कोण विचारणार?

अंबिकाला विचारा म्हणते जयंती. अगं, ती बारा वर्षांची आहे, तिला काय कळतंय!

२७ ऑक्टोबर, रविवार

उदगीरलाही तिची परीक्षा झाली. व्यंकट सर म्हणाले, आजच नाव घालू. म्हणजे दोन्हीकडनं होकार! किशनरावांनी पेढे आणले. मीही खाल्ले.

आता पंचाईत. अक्काच्या लग्नात आमच्या वडिलांनी लातूर आणि हुमनाबाद अशी दोन स्थळं दीड महिना झुलवत ठेवली होती. दोन्हीकडं ‘आमचं पक्कंच समजा’. हळदीच्या आठ दिवस आधी एकाला नकार कळवला. अजून सगळे नरहररावांच्या त्या हुशारीचं नाव काढतात. लातूरवाले सोडून.

तेव्हा उदगीरचा फॉर्म भरून टाकला. पत्ता किशनरावांचा दिला. आमच्या भागात प्रत्येक माणसाचा एक पत्ता इकडं आणि एक तिकडं असतोच, त्यात काय.

९ नोव्हेंबर, शनिवार

बिदरचाही भरला. पत्ता घरचा.

फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती — मुलीचं नाव दुसऱ्या कुठल्याही क्लबात नाही, असं पालक लिहून देतात. कन्नडात होती. कन्नड मला चांगलं येतं. हे इथं लिहून ठेवतो, कारण दुसरीकडं कुठं कबूल करणार नाही. सही केली.

बिदरची टीम कर्नाटकात खेळणार, उदगीरची महाराष्ट्रात. कोण कुणाला भेटतंय? महिना-दीड महिना दोन्हीकडं जाऊ दे, जिथं जास्त खेळवतील तिथं ठेवू, दुसऱ्याला गोड बोलून कळवू.

बसमधी अंबिकाला समजावून सांगितलं. इकडचं तिकडं बोलायचं न्हाई, तिकडचं इकडं.

‘म्हणजे मी कोणाची हाय?’

‘अजून ठरलं न्हाई.’

‘मग सही कामून केली तुम्ही?’

मी खिडकीबाहेर तुरीचं पीक कसं आलंय ते बघितलं.

१३ नोव्हेंबर

दोन्ही राज्यांत नाव असलेली सात रेशनकार्डं आज कचेरीत शोधून काढली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ‘श्रीहरीच्या नजरेतनं काही सुटत न्हाई.’

१७ नोव्हेंबर, रविवार

शनिवारी बिदर, रविवारी उदगीर. पोरगी सोमवारी शाळेत पेंगते. घरात दोन जर्शा आहेत, एक निळी, एक पिवळी. जयंती एक दोरीवर वाळत घालते आणि एक आत पलंगावर. माझ्याकडं बघत घालते.

दोन्ही सर म्हणतात, अशी गोलकीपर आजपर्यंत मिळाली नव्हती. दोघांनाही मी लवून नमस्कार करतो.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मेलो.

दोन्ही क्लबच्या ग्रुपवर आज एकच पोस्टर आलं. सीमाभागातल्या मुलींसाठी तेरा वर्षांखालची लीग, चार रविवार, भालकीचं मैदान. इकडच्या तीन टीम, तिकडच्या तीन. पहिलीच मॅच बिदर विरुद्ध उदगीर!

दोन्ही टीमच्या यादीत पहिलं नाव अंबिकाचं. म्हणजे एकाच पोरीनं दोन्ही गोलांत उभं राहायचं.

दोन्ही ग्रुपवर अंगठा दाखवून ठेवला. न दाखवला तर संशय येईल.

२३ नोव्हेंबर

अंबिकाला म्हणलं, उद्या पोट दुखायलंय म्हण.

‘माझं न्हाई दुखत.’

‘म्हणायला काय जातंय?’

‘पप्पा, ह्याच लीगसाठी मी क्लबात घाला म्हणले होते. तुम्ही एकाला आजच फोन करा. कुणालाही करा, मला चालतंय.’

फोन हातात घेतला होता. मग वाटलं, एवढ्या रात्री कशाला त्रास द्यायचा कुणाला? साडेसात वाजले होते.

२४ नोव्हेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

भालकीला पोचलो. अंबिका शाळेच्या साध्या टी-शर्टवर आली होती, दोन्ही जर्शा पिशवीत. मैदानात शिरलो आणि दोन्ही बाजूंनी हाक आली. इकडनं पंचाक्षरी सर, तिकडनं व्यंकट सर. दोघं आधी तिच्याकडं बघून हसले, मग एकमेकांकडं बघितलं. मग लीगवाल्यांच्या टेबलावर दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या.

किशनराव आले होते. ते लगेच पाणी प्यायला गेले.

पंचाक्षरी सर माझ्यापाशी आले. ‘सर, हे काय हाय?’

मी तोंड उघडलं. गैरसमज झालाय, असं म्हणणार होतो. त्याच्या आत अंबिका पुढं आली.

‘मी केलं सर. दोन्ही फॉर्म मीच भरले. पप्पांना काहीच माहीत न्हाई.’

तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. बापाला वाचवायला खोटं बोलायचं, तेही सगळ्यांसमोर, बारा वर्षांच्या पोरीनं. तेव्हा तरी मी बोलायचं होतं. आणि मी बोललो. मी म्हणालो, ‘लेकरू हाय सर. चुकलं असंल.’

हे मी म्हणालो. मीच.

टेबलावरच्या माणसानं दोन्ही याद्यांवर तिच्या नावावर रेघ मारली. ती पिशवी घेऊन कडेला जाऊन बसली. दोन्ही टीमनी दुसऱ्याच पोरी गोलात उभ्या केल्या, दोन्हीकडं धडाधड गोल झाले. कोण जिंकलं ते बघितलं नाही.

येताना बसमधी तिला म्हणलं, तू कशाला मधी पडलीस? ती म्हणाली, ‘तुम्हाला लाज वाटली असती.’

२५ नोव्हेंबर

अंबिका माझ्याशी नीट बोलते. कचेरीतनं आल्यावर चहा आणून देते. भांडली असती तर बरं झालं असतं.

३० नोव्हेंबर

बिदरला जाऊन खरं सांगायला पाहिजे. पण आता सांगून काय होणार? नियम तो नियम. वर्ष तर गेलंच. उगं माझीही अब्रू जाणार, आणि तिचा काही फायदा न्हाई. फायदा असता तर गेलोच असतो.

असं सकाळी लिहिलं. आत्ता परत वाचलं. सात रेशनकार्डवाल्यांपैकी एक म्हातारा मला हेच म्हणत होता.

७ डिसेंबर, शनिवार

जयंतीनं विचारलं, ‘तुमचं बिदरला काही काम हाय का?’

म्हणलं, न्हाई. कामून? काही आणायचं का तिथनं?

‘काही न्हाई,’ म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

११ डिसेंबर

संध्याकाळी अंबिका मागच्या भिंतीवर बॉल मारते आणि स्वतःच अडवते. धप, धप, तासभर. शेजारच्या चंद्रम्मा अक्का कुरकुरायला आल्या, तर जयंतीनं त्यांना दारातनंच वाटेला लावलं.

मला माझी लाज वाटते. एवढं लिहायला सतरा दिवस लागले. सांगायला किती लागतील काय की. येत्या रविवारी जातो. न्हाईतर सोमवारी, रविवारी मैदानावर गर्दी असते.

१६ डिसेंबर, सोमवार

अर्धी रजा टाकून बिदरला गेलो. पंचाक्षरी सर जाळी गुंडाळत होते. उभ्यानंच सगळं सांगितलं. दोन्ही सह्या माझ्या, पोरगी माझ्यासाठी खोटं बोलली.

सर म्हणाले, ‘ठाऊक हाय की सर. फॉर्मवर सही कुणाची हाय, मला दिसत न्हाई व्हय? मी त्याच दिवशी लीगवाल्यांशी बोललो, त्यांनी बंदी काढली. उदगीरच्या सरांनी तिचं नाव सोडलं. संध्याकाळी तुमच्या मिसेसच्या फोनवर पोरीला म्हणलं, पुढच्या रविवारी ये, खेळ. ती म्हणाली, पप्पा येऊन सांगतील सर, त्यांनी सांगितलं की येते. मी दर रविवारी तिचं नाव यादीत लिहिलो.’

लीग काल संपली.