गवतझाडाला काडी

काउंटी केरी, १४ ऑक्टोबर २०२४

प्रिय फिन्टन,

तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते. माझे गुडघे सोडले तर इथे सगळं ठीक आहे. नऊ दिवस पाऊस थांबलेला नाही. याचं तुला नवल वाटणार नाही.

मुद्द्याचं लिहिते. गवतझाड जगलं आहे. १९८९ साली तू पर्थहून त्याच्या अकरा काळ्या बिया पाठवल्या होत्यास, सोबत एकच ओळ: ‘वनस्पतिशास्त्र शिकलीस ना, आता उगवून दाखव.’ मी उत्तर दिलं नाही, पण बिया पेरल्या. नऊ उगवल्या. पाच रोपं पहिल्याच हिवाळ्यात कुजली. तीन मी स्वतः मारली. बटाट्याच्या वाफ्यांना घालतो तसं समुद्राचं शेवाळ बुंध्याशी रचलं, ओल धरून मुळं सडली. उरलेलं एक खडी-वाळूच्या उंचवट्यावर आहे. हिवाळ्यात त्याच्यावर काचेचं छप्पर असतं. पस्तीस वर्षांत खोड वीतभर झालंय.

शेजारचा टाइग रोज कुंपणावरून विचारतो, “काय सोर्खाबाई, पोर किती वाढलं आज?”

“तुझ्या अकलेइतकं.”

“म्हणजे नाहीच की!”

पण सध्या ते बिघडलंय. खाली झुकलेल्या वाळक्या पात्यांच्या घेरात ओल साचते, आत बुरशी आली आहे. कापून पाहिलं, उपयोग झाला नाही. हा हिवाळा काढेल, पुढचा नाही. पुस्तकात लिहिलंय, की तिकडे हा घेर जाळतात, आणि आगीनंतर झाड नव्याने फुटतं, कधी फुलतंसुद्धा. तू पाहिलंयस का? ज्वाळा किती वेळ राहू द्यायची? मधला कोंब वाचतो कसा? वारा किती चालतो?

“द्या ती काडेपेटी, दोन मिनिटांचं काम,” टाइग म्हणाला. मी त्याला हाकललं. सप्टेंबरात तीन कोरडे दिवस मिळाले. तिन्ही दिवस काडेपेटी घेऊन झाडापाशी गेले आणि तशीच परत आले.

तू घरी होतास त्या शेवटच्या फेब्रुवारीत डोंगरउतारावरची काटेरी झुडपं जाळायची होती, आणि वाऱ्यावर लक्ष ठेवणं माझं काम होतं. तू खालून ओरडून विचारलंस, “वारा पडला का गं?” मी म्हणाले, “पडलाय, लाव.” फिन्टन, मी मान वर केलीच नव्हती. मांडीवर परीक्षेचं पुस्तक होतं. हे तुला आजवर माहीत नाही.

वाऱ्याने आग खाली नेली; गोठा गेला, दोन गाई गेल्या. बाबांनी तुला घराबाहेर काढलं तेव्हा मी चुलीपाशी उभी होते. तू माझं नाव घेतलं नाहीस. मीही घेतलं नाही. बाबा अंथरुणाला खिळले, तेव्हाही नाही.

काल हे सगळं टाइगला सांगितलं. त्याने कुंपणाला टेकून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “हे मला कशाला सांगता? त्याला लिहा.”

तेव्हा लिहिते आहे. काचेखाली मार्चपर्यंत घेर पुरेसा सुकेल. तेव्हा ये. तुझी खोली रिकामी आहे. काडी तू लाव.

वारा मी बघेन. उभी राहून, मान वर करून.

इतकी वर्षं गप्प बसलेली तुझी बहीण,
सोर्खा