वरच्या कुरणातले हिरवे पट्टे

२८ एप्रिल

सासऱ्याशी पुन्हा वाजलं! व्हर्लिन एकदा नाही म्हणाला की नाहीच. "वरचं कुरण मेलंय, लोर्ना. मक्याला खंडाने देऊन टाकतो." आणि गाई? त्या केसलर व्यापाऱ्याला दिल्या म्हणे! कागद नाही, काही नाही. फाटकापाशी हात मिळवला, झाला सौदा. सप्टेंबरात नेईल तो.

क्लीट — माझा नवरा — बाप आणि बायकोच्या कात्रीत सापडला की ट्रकखाली शिरून काहीतरी दुरुस्त करत बसतो. आजही शिरला.

गाई जाऊ देत बापड्या, मला त्यांचं काय! मला माझ्या कोंबड्यांसाठी कुरण हवंय. शेवटी म्हाताऱ्याकडून एवढं कबूल करून घेतलं — पानगळीच्या आत तिथे गवत दिसलं, तर मका नाही.

२९ एप्रिल

खुराडी वर नेली. खाली तळ नाही, मागे चाकं. रोज सकाळी खुराड्याच्या लांबीएवढं पुढे ओढायचं. कोंबड्या खातात, उकरतात, शिटतात आणि दुसऱ्या दिवशी नव्या जागी. खत आपोआप पडतं. म्हातारा कुंपणाला टेकून बघत होता. "खत घालतेयस की उरलंसुरलं गवत जाळतेयस?"

बघाच, म्हटलं.

२० मे

कंबर गेली कामातून. कोंबड्या मात्र अशा सुटल्यात की दोन पावलं चालून बसकण मारतात.

१४ जून

आज कोंबड्या कापल्या. चर्चमधल्या बायका मदतीला आल्या — कढत पाणी, ओल्या पिसांचा वास, आणि गप्पांना तर खळच नाही. जेवायला घेवडा, मक्याचा पाव, ॲपल पाय. कापणीच्या दिवशी कोंबडी कुणाच्याच घशाखाली उतरत नाही. सगळा माल सांगून ठेवलेल्या लोकांनी हातोहात नेला.

व्हर्लिननेही मुकाट्याने पिसं काढली. जाताना म्हणाला, "मांस बरंय. गवत कुठाय?"

२ जुलै

हे बघा गवत! खुराडी जिथून गेली तिथे हिरवेगार पट्टे, मधे जुना पिवळट माळ. स्वयंपाकघराच्या खिडकीतूनसुद्धा दिसतात. क्लीट म्हणतो, यंत्र फिरवून थोडं कापू या. मुळीच नाही! म्हाताऱ्याच्या कमरेला लागेल एवढं वाढवणार आहे मी.

२५ जुलै

नवी पिल्लं वर नेली. थेट हिरव्या पट्ट्यांवर! राणीसारखी राहतील.

२७ जुलै

रात्रभर पाऊस. पिल्लं मेली. सगळी नाही, पण खूप.

चूक माझी. मिरवायची हौस, दुसरं काय! एवढ्या उंच गवतातून पिल्लांना चालता येईना. गवत खुराड्याखाली आडवं झालं, त्यावर पाणी साचलं, भिजलेली पिल्लं ऊब शोधत एकमेकांवर चढली. खालची गुदमरली. एकेक उचलताना रडले.

यंत्राने कापलं तर ओल्या गवताचा थर पडून कुजणार. आधी कुणीतरी चरून गवत आखूड करायला हवं, मग मागून कोंबड्या. आणि चरणार कोण, तर गाई! आता हे म्हाताऱ्याला जाऊन सांगायचं. त्यापेक्षा खुराड्यात जाऊन बसेन.

२८ जुलै

गेले. टोमॅटोच्या फोडींवर मीठ टाकत ऐकून घेतलं त्याने.

"म्हणजे तुझ्या कोंबड्यांना माझ्या गाई लागतात."

"लागतात."

"पुन्हा म्हण की."

म्हटलं पुन्हा! क्लीट दारामागे फिदीफिदी हसत होता. त्याला बघून घेईन.

१९ ऑगस्ट

गाई पुढे, कोंबड्या मागे. आता कशी घडी बसली! शेणाचे पो कोंबड्या अळ्यांसाठी विस्कटतात, खत सगळीकडे सारखं पसरतं, पिल्लं टुणटुणीत. गाईंसाठी विजेची तार रोज पुढे सरकवायला व्हर्लिन माझ्याआधी हजर. "चल पर्ल, चल गं बाई" — गाईशी एवढं गोड बोलतो, सुनेशी कधी बोललाय?

आज गवतात उभा राहिला आणि म्हणाला, "मका नाही. कुरण तुझं."

मी तिथेच उडी मारली! म्हटलं, मग केसलरलाही कळवा, गाई देत नाही म्हणून.

"हात मिळवलाय मी."

विषय संपला. असला हट्टी माणूस! आणि आता तो मला आवडायला लागलाय, तीच पंचाईत.

६ सप्टेंबर

केसलरचा ट्रक आला. व्हर्लिनने स्वतः गाई चढवल्या. पर्ल चढेना. तिच्या कानामागे खाजवत तिला वर नेलं, फळी लावली, घरात गेला. जेवला नाही. मलाही घास गेला नाही — कुरण मिळवलं आणि म्हाताऱ्याचं सगळं गेलं.

फाटकाशी केसलरला विचारलं, कुठे नेतोस? म्हणाला, उद्याच्या लिलावात.

७ सप्टेंबर

कोंबड्यांचे पैसे घेऊन लिलावाला गेले. घरी कुणाला बोलले नाही. पर्ल रिंगणात आली, मी हात वर केला. मागच्या रांगेतला कुणीतरी भाव चढवत होता. मी चढवला, त्याने आणखी चढवला. मेल्याला बघावंच म्हणून रागाने वळले — व्हर्लिन! हात वर, चेहरा लालबुंद.

"लोर्ना! खाली कर तो हात!"

आधी माझाच खाली आला. डोळे पुसायला.