बाहेरच्या खोलीची लोणकढी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त भाषाशिक्षिका, पूर्ण शुद्धीवर असून आणि रक्तदाब सोडल्यास दुसऱ्या कोणत्याही दाबाखाली नसताना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. माझे यजमान कोर्टाच्या आवारात टंकलेखक होते. जन्मभर त्यांनी लोकांची मृत्युपत्रे बिनचूक टाइप केली आणि स्वतःचे न करताच गेले. घर माझ्या नावावर व्हायला मला जे हेलपाटे पडले, ते मुलांच्या नशिबी नकोत.

भांडण होण्याजोगी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे रस्त्याकडची बाहेरची खोली. बाकीचे आधी उरकते.

कलम एक. वरचा मजला, मधली खोली आणि स्वयंपाकघर माझ्या मुलाचे. बँकेतल्या ठेवी आणि दागिने लेकीचे. ती लांब राहते. फोनवर "आई, बरी आहेस ना?" असे विचारून उत्तरही स्वतःच देते, त्यामुळे आमच्यात कधी वाद झालेला नाही.

कलम दोन. यजमानांचा टाइपरायटर मुलाने घ्यावा. त्याची 'ळ'ची कळ अडकते, तेवढी सांभाळावी. माझी शाळेतली मुले घरी येऊन हायकू लिहीत, तेव्हा यजमान आतून बोटांवर अक्षरे मोजायचे आणि ओरडायचे, "सहा झाली! एक काढा!" कवितेशी त्यांचा संबंध एवढाच, पण त्यांची मोजणी कधी चुकली नाही.

कलम तीन. यमकांच्या चिठ्ठ्यांचा पत्र्याचा डबा आमच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापकांना, हयात असल्यास, पोचता करावा. उशिरा येणाऱ्या मुलांना ते दहा ओळींची कविता लिहायची शिक्षा करत, आणि वर यमक जुळलेच पाहिजे हा हट्ट. मुलांना कवितेची धास्ती बसली, ती घालवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. त्यांचे-माझे यमक शेवटपर्यंत जुळले नाही. डब्यात 'शाळा'ची बरीच यमके आहेत. 'टाळा' सगळ्यात वर ठेवले आहे. हा राग मी माफ केलेला नाही, याची नोंद व्हावी.

कलम चार. आता बाहेरची खोली. निवृत्तीनंतर दर शनिवारी दुपारी आसपासची मुले इथे कविता लिहायला येतात. फी नाही. मी त्यांना सोपे साचे देते: आपल्या नावाच्या एकेका अक्षरावरून एकेक ओळ, नुसत्या प्रश्नांची कविता, दप्तरातल्या वस्तूंची यादी. साचा हातात असला की मूल कोऱ्या कागदाला घाबरत नाही, एवढेच माझे शास्त्र.

मुलाला ही खोली झेरॉक्सवाल्याला भाड्याने द्यायची आहे. "आई, कवितेतून घराचा रंग निघत नाही," तो म्हणतो. भिंतींचे पोपडे पाहता त्याचे चूक नाही. सुनेची तक्रार वेगळी, आणि फार जुनी. "आई, आपण चपलांचं दुकान काढलंय का?" मी गेले की वर्ग बंद, हे मी धरूनच चालले होते.

मग माझे खुब्याचे हाड मोडले. इस्पितळातून सोडले तो दिवस शनिवार निघाला. मुलाने मला मागच्या दाराने आत आणले, कारण पुढच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. चपलाच चपला. मला स्वयंपाकघरात बसवून तो औषधे आणायला गेला. बाहेरच्या खोलीतून सुनेचा आवाज येत होता.

"हे बघा, मला कवितेतलं ओ की ठो कळत नाही. पण थापा मारता येतात ना तुम्हाला? मग मारा. तीन ओळी थापा, चौथी खरी."

"काकू, थाप केवढी मारायची?"

"लोणकढी पाहिजे. ऐकणाऱ्याला खरीच वाटली पाहिजे. हत्ती उडाला वगैरे नको."

थोड्या वेळाने एका मुलीने वाचले:

बाबा कामासाठी परगावी गेलेत.
ते रोज फोन करतात.
आई आता रडत नाही.
त्यांची उशी मी कुणाला देत नाही.

सून पाणी प्यायला म्हणून आत आली. तिचे डोळे भरले होते. मला पाहून दचकली.

"आई! कधी आलात?"

"हे काय, आत्ताच," मी म्हणाले. तीही लोणकढीच होती.

हा साचा माझ्याकडे नव्हता. मला तिचा हेवा वाटला, आणि हेवा ओसरल्यावर फार बरे वाटले. "आई, तिला कवितेतलं काय कळतं?" असे मुलगा विचारतो. त्याने एकदा शनिवारी दाराआड बसून ऐकावे.

खोली कोणाची, ते पुढच्या कलमात लिहिले आहे. घेणाऱ्यावर कसलीही अट नाही, वर्ग चालवण्याची तर नाहीच. अट घालून चालणारी ती गोष्ट नव्हे. झेरॉक्सचे मशीन लावले तरी माझी हरकत नाही.

कलम पाच. वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात खोटं लिहू नका. उद्या कोणी कोर्टात जाईल." म्हणून स्पष्ट करते की, पुढील चार ओळींपैकी पहिल्या तीन धादांत खोट्या असून त्या मी जाणूनबुजून लिहिल्या आहेत. चौथी खरी आहे, आणि ती सर्वांवर बंधनकारक राहील.

सूनबाई, तुझी मला अजून सवय झालेली नाही.
शनिवारी तुझा आवाज आला नाही, तरी माझं काही अडत नाही.
आता जायचं म्हटल्यावर मला कशाचंच वाईट वाटत नाही.
बाहेरची खोली तुझी आहे, तुझ्या एकटीची.

सही
(घरात आई, वर्गात बाई)

स्थळ: वर उल्लेखलेली बाहेरची खोली
दिनांक: ७ मार्च २०२६, शनिवार, मुले येण्यापूर्वी

साक्षीदार एक, वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल: सही माझ्यासमोर झाली. खाडाखोड नाही.

साक्षीदार दोन, गल्लीतले डॉक्टर: बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. चारही ओळी त्यांनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवल्या. तिसऱ्या ओळीला आवाज कापरा झाला, म्हणून ती पुन्हा वाचली. दुसऱ्यांदाही तसाच झाला.