अंगठ्याखालचा शब्द

प्रिय खारूताई,

तू शिक्षण सोडून दुकानात कामाला लागणार, असं तुझी आई सांगत होती. कारण विचारलं तर हॉस्टेलवरून फोनच ठेवून दिलास म्हणे. त्यावर बोलायचंच आहे मला, पण आधी माझी बढाई ऐकून घे, पोटात राहत नाहीये ती.

आमच्या लाँड्रीत दवाखान्याच्या चादरी येतात, ठाऊक आहेच तुला. धुतलेल्या चादरीवर डाग राहिला तर तपासणाऱ्या बायका लाल दोरा बांधायच्या, चुणी राहिली तर निळा. मी दोरा बघून ढीग लावायची. इतकी वर्षं असंच चाललं. आता नव्या मुकादमबाईंनी दोरे बंद करून इंग्रजी छापील चिठ्ठ्या आणल्या. माझी तर पाचावर धारण बसली! मी दुसरी शिकलेली, आता घरी बसवतात की काय! तेवढ्यात तुझं बोलणं आठवलं. सुट्टीत भाजी निवडता निवडता म्हणाली होतीस, "आजी, शब्दाच्या तोंडाशी आर-ई दिसलं की त्यावर अंगठा ठेव, उरलेलं वाच आणि त्याला 'पुन्हा' जोड." लॅटिन का कुठल्या जुन्या भाषेतून आलंय म्हणे हे. आलं असेल बापडं! ठेवला अंगठा. उरलं 'वॉश'. ते तर मशिनच्या बटणावर रोज बघते. रिवॉश, पुन्हा धुवा! मग रिप्रेस, मग रिपॅक. दुपारच्या चहाआधी सगळा ढीग हातावेगळा!

एकदा फजिती झाली म्हणा. एका पिशवीवर 'रेड' होतं. अंगठा ठेवला तर उरला एकटा 'डी'. मी आपली विचारत फिरतेय, डी पुन्हा कसा करायचा? मुकादमबाई पोट धरून हसल्या, "अहो मावशी, तो रंग आहे!" हसू देत. आता नव्या बायकांना त्याच माझ्याकडे धाडतात, "जा, मावशींकडून अंगठा शिकून या." परवा एकीने चादर थेट चिंध्यांत टाकली. म्हटलं, "अगं बये, चिठ्ठी वाच की! एका डागापायी अख्खी चादर फाडतेस?"

बरं, आता मुद्द्याचं. मंगळवारी तुझ्या कॉलेजचं पत्र इथे घरच्या पत्त्यावर आलं. घरात मी एकटीच. दुसऱ्याचं पत्र फोडू नये, कळतं मला, कान पकडते. पण हातात नवी विद्या, राहवेना. सगळं कुठलं कळायला! एका ओळीत मात्र आर-ई, आडवी रेघ आणि पुढे 'एक्झाम'. कपाटावर तू चिकटवलेल्या वेळापत्रकात तो शब्द वर्षभर पाहिलाय मी. विषय एकच, तारीख बारा. असं होय कारण! वेडाबाई, आधी सांगायचंस ना. आईबाबांना मी काही बोललेले नाही, ते तुझं तू सांग. पत्रातला फॉर्म सोबत घातलाय. खाली सही कर आणि लगेच भर. अंगठा चालायचा नाही, तो मला कामावर लागतो.

तुझीच, पुन्हा पुन्हा तुझीच,
आजी