अस्सल काळा

३ मार्च, मंगळवार
आई रविवारी ताईकडे चाललीय, कायमची. सोबत बाबांचा मोठा फोटो हवाय. बायको म्हणाली, चौकातल्या लॅबमध्ये टाका, संध्याकाळी मिळेल. लॅब म्हणे! तो लॅबवाला ब्लॅक अँड व्हाइटच्या नावाखाली आमच्या बाबांना हिरवट करून देणार, कावीळ झाल्यासारखं. फोटो मीच छापणार. घरच्या प्रिंटरवर, खास करड्या शाया भरून.

५ मार्च, गुरुवार
शाया आल्या. वॉर्म म्हणजे तांबूस करडी, कूल म्हणजे निळसर, न्यूट्रल ना इकडची ना तिकडची. दुनिया मिळेल ती शाई ओतते, आम्ही निवडतो. तिन्हींचे नमुने भिंतीला चिकटवून आईला विचारलं, यातले खरे बाबा कुठले? म्हणाली, अरे, तिन्ही तुझे बाबाच आहेत. नजरच तयार नाही, काय बोलणार!
रात्री लेकीने शाळेसाठी नकाशा छापला. समुद्र करडा, वाळवंट करडं, जंगलही करडं. भोकाड पसरलं. तिला समजावलं की रंग हा कच्च्या लोकांचा आधार असतो. मग बायको मला समजावून गेली. ते इथे लिहीत नाही.

७ मार्च, शनिवार
न्यूट्रल फायनल. पण काळा म्हणावा तसा काळा येईना. म्हणून मॅट काळी भरली, बिनचमकीच्या कागदाची, सगळ्यांत गर्द. बाटलीवर लिहिलंय, चकचकीत कागदावर वापरू नये. बायकोने मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. असल्या सूचना कंपन्या घाबरटांसाठी लिहितात. मी चकचकीतवरच छापला. काय काळा आलाय! बाबांच्या मिशीचा केस न् केस दिसतोय. जरा ओलसर वाटतो. वाळेल.
फ्रेमला काच लावणार नाही. काच लावली की काळ्याचा जीव जातो.

८ मार्च, रविवार
आईने फोटो हातात घेतला. डोळे भरून आले तिचे. म्हणाली, अगदी असेच होते रे. मी बायकोकडे एक कटाक्ष टाकला.
तेवढ्यात आईने बाबांच्या गालावरून मिशीपर्यंत अंगठा फिरवला. अर्धी मिशी अंगठ्याला आली.
बायकोने कपाटातून लॅबचा फोटो काढला. मंगळवारीच करून आणला होता! काच, फ्रेम, सगळं जागच्या जागी. हिरवट नव्हता. उजेडात नेऊन तीनदा पाहिला, तरी नव्हता. आईने तोच साडीत गुंडाळून बॅगेत ठेवला. रिक्षात बसताना म्हणाली, तू केलेला टाकू नकोस हं, तुलाही एक हवाच की.

संध्याकाळी
आईच्या खोलीत माझा फोटो लावला. लॅबवाल्याच्या बापाला असा काळा जमणार नाही. बायकोचंही म्हणणं पडलं की काळा आहे खरा.
खोली फार मोठी वाटते.
फोटोत बाबांच्या गालावर आईचा अंगठा उमटलाय. आत्ता हळूच बोट लावून पाहिलं. तेवढीच शाई वाळलीय.