पुढचं चाक

१२ ऑक्टोबर २०१९

हे गेले त्या सकाळी मी चवळीच्या शेंगा मोडत होते. दूध गॅसवर, अर्धं लक्ष तिकडे. हे व्हरांड्यात सायकल उलटी करून नवीन चाक बसवून राहिले होते. बोटानं फिरवलं, कान लावला. "ऐक, आवाजच नाही!" मी मान वर केली नाही. दूध वर आलं म्हणून आत धावले. परत आले तर दोघं निघून गेलेले, हे आणि आमची विनता. त्या सकाळी मी यांच्याशी एक शब्द बोलले नाही. एकसुद्धा!

महाराजपूरच्या रस्त्यावर खड्डा. पुढचं चाक मोडलं, हे डोक्यावर पडले. विनता मागेच होती.

दोन महिने होत आले.

१५ ऑक्टोबर

विनय भाऊजी आले होते. यांचे धाकटे भाऊ. चहाबरोबर तेच— "वहिनी, चायनाचा माल! सस्त्याच्या नादात गेला माझा दादा." विनता आतल्या खोलीत ऐकून राहिली होती. तिचं ताट तसंच परत आलं.

यांची नोकरी खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीत, पण जीव सायकलीत. पोरीलाही तोच नाद लावला. कार्बनची चाकं दुकानात परवडत नव्हती. म्हणायचे, "दलालाला काहून द्यायचे? थेट कारखान्यातून मागवू." चीनमध्ये शियामेन म्हणून गाव आहे, तिथून दोन जोड्या मागवल्या. एक स्वतःला, एक पोरीला. खोकं आलं त्या दिवशी बाप-लेक त्याच्याभोवती नाचले होते.

आता पोरगी कॉलेजला जात नाही. सायकलकडे बघत नाही. खात नाही. सतराव्या वर्षी गळ्याची हाडं वर आलीत. कारखान्यानं एकदा म्हटलं ना, आमची चूक झाली— तर ती कोणाला तरी शिव्या देईल. रडेल. उठेल!

१६ ऑक्टोबर

यांच्या फोनवरून कारखान्याला लिहिलं. मोडक्या चाकाचे फोटो पाठवले. मी आठवी शिकलेली, बाकी सगळं वाचून वाचून. इंग्रजीच्या चार ओळींना डिक्शनरी घेऊन दुपार गेली.

१७ ऑक्टोबर

उत्तर नाही.

१९ ऑक्टोबर

मिस चेन म्हणून कोणी आहे. "प्रिय मित्रा, कसे आहात? मुलीला चाकं आवडली?" यांनाच विचारते! मी लिहिलं, ते याच चाकावरून पडून गेले, मी त्यांची बायको. मग— फार वाईट वाटलं, मॅडम. रिमवरची पट्टी काढा, आतला नंबर पाठवा. स्पोक मोजा.

पट्टी काढली, दोनदा मोजले. वीस स्पोक.

२२ ऑक्टोबर

ऑर्डर देताना चालवणाऱ्याचं वजन कळवावं लागतं म्हणे. यांनी दोन लिहिली होती, आपलं ब्याऐंशी किलो, विनताचं सत्तेचाळीस. भारी माणसाला अठ्ठावीस स्पोक, हलक्याला वीस. मिस चेन लिहिते, "मॅडम, हे चाक तुमच्या पतीचं नव्हतं. मुलीचं होतं."

माळ्यावरचं खोकं उघडून पाहिलं. यांची जोडी तशीच कागदात गुंडाळलेली.

म्हणजे पोरीचं चाक लावून गेले! स्वतः वजन लिहून दिलं आणि स्वतःच! इतका राग आला यांचा. काहून केलं असं?

२३ ऑक्टोबर

विनताला विचारलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "बाबा तुझं चाक लावून काहून गेले गं?"

बोलली ते हिंदीत, शाळा हिंदीचीच. जीव घाबरला की ती हिंदीतच बोलते. "मुझे डर लग रहा था, आई. इतना हल्का था. मैंने ही बोला, पहले आप चला के देखो. बोले, चलो, एक चक्कर मार लेते हैं." मग म्हणाली, "मैंने ही मारा ना उनको?"

मी 'नाही, नाही' म्हणत राहिले. तिला ते ऐकूच गेलं नाही.

कशाला लिहिलं मी त्या बाईला! शोधत शोधत कुठे येऊन पोचले! आणि पोरगी दोन महिने हे एकटी घेऊन पडलेली.

२४ ऑक्टोबर

पाणीसुद्धा चमच्यानं पाजलं. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत बघू, नाहीतर भरती करा.

कारखान्यावर दोष घालता येत नाही. यांच्यावर घातला तर तिला सोसणार नाही. दोष घ्यायला एकच माणूस उरतं घरात.

२६ ऑक्टोबर

काल विनताजवळ बसले. म्हटलं, तू नंतर बोललीस. तू आत तयार होत होतीस तेव्हा मीच व्हरांड्यात त्यांना म्हटलं, पोरीची चाकं आधी तुम्ही चालवून बघा, तुम्हाला माझी शपथ. ती उठून बसली. "तुमने?" मला ढकललं. इतकी ओरडली की शेजारच्या खिडक्या उघडल्या. मग स्वयंपाकघरात गेली आणि माझ्याकडे पाठ करून उभ्यानं दोन पोळ्या खाल्ल्या.

आज माझ्याशी बोलत नाही. मी कणीक जास्त भिजवली.