बाबांच्या आवाजाचा बॅकअप

३ मार्च
नवी हार्ड डिस्क आणली. पुढचा विचार करणारा या घरात मी एकटाच. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचे एकशे बारा व्हॉइस मेसेज आईच्या फोनमध्ये आहेत. रोज सकाळी चहा घेताना ती एक ऐकते. उद्या फोन हरवला तर? म्हणून बॅकअप. जबाबदारी माझी.

४ मार्च, सकाळी १०
सगळे मेसेज डिस्कवर टाकले आणि फोनमधून डिलीट केले. एकच वस्तू दोन ठिकाणी कशाला? बायकोने विचारलं, मग हा बॅकअप कसा? तिला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

१०.२०
डिस्कची वायर ओढून काढली. बायको ओरडली की दिवा लुकलुकतोय, आधी इजेक्ट करायचं असतं. म्हटलं, सतरा वर्षं ऑफिसात कॉम्प्युटर वापरतोय. तिथे इजेक्ट दुसरा कोणीतरी करतो, हे सांगायची गरज वाटली नाही.

९ मार्च
आईची भुणभुण : झालं का रे? डिस्क लावली. स्क्रीनवर आलं, फॉरमॅट करू का? वायर चार वेळा काढून घातली. डिस्क तापली. फ्रीजवर ठेवली, तिथे वारा लागतो.

११ मार्च
डिस्क फ्रीजवरून पडली. फ्रीज थरथरतो, त्याला मी काय करणार? बायकोने ती उचलून माझ्या हातात ठेवली. म्हणजे तिला पटलं असावं.

१२ मार्च
आईला सांगितलं, डिस्क सर्व्हिसिंगला दिलीय. सकाळी ती फोन समोर ठेवून नुसता चहा पिते. होईल सवय.

२० मार्च
रिकव्हरीवाल्याकडे गेलो. त्याने विचारलं, ओरिजिनल कुठाय? म्हटलं, हाच तर बॅकअप. तो म्हणाला, कशाचा? गिऱ्हाइकाशी बोलायची ही पद्धत?

२ एप्रिल
एक फाइल वाचली! एकोणीस सेकंदांची. माझी चिकाटी, दुसरं काय. रविवारी बहिणीलाही बोलावलंय. सगळ्यांसमोर लावणार. तोवर मीही ऐकणार नाही.

४ एप्रिल, रविवार
लावली. बाबांचा आवाज एकदम खणखणीत. म्हणाले, अगं, फोन अडकायला लागला तर सरळ दुकानात दे. आपल्या चिरंजीवांच्या हातात देऊ नकोस. होत्याचं नव्हतं करेल.
बहीण आधी हसली, मग रडायला लागली. बायको आत निघून गेली. आई म्हणाली, परत लाव.

५ एप्रिल, सकाळी ७.३०
बहिणीने फाइल आईच्या फोनवर टाकली. स्वतःकडेही एक ठेवली. माझ्याकडून डिस्क काढून घेतली, तीही इजेक्ट करून.
आईचा चहा झालाय. तिसऱ्यांदा ऐकतेय.
उद्यापासून मी चहा ऑफिसातच घेणार.